डाव्या हाताची जमीन

बहारीनमध्ये, मनामा शहराच्या नईम भागातल्या जुन्या गल्लीत, एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावर महमुदाचं बिऱ्हाड आहे. दुपारी खालून जाताना सुक्या बोंबलाचा वास आला की समजावं, महमुदाचे डबे निघाले. मनामातल्या कोकणी कारकुनांपैकी निम्मे तिच्याच डब्यावर जगतात. डबा वेळेवर, मीठ बेताचं आणि तोंड तिखट. तिला उलट बोलून जेवणाची चव घालवून घ्यायला कुणी धजावत नाही.

तिच्याबद्दल एक गोष्ट इथल्या कोकणी मुसलमानांच्या सगळ्या जमातीला ठाऊक आहे. महमुदा विसरत नाही. तिच्या लग्नात एका मामीने 'मुलगी काळी आहे' म्हणून नाक मुरडलं होतं. ती मामी म्हातारपणी हजला जाऊन आली, तिच्या दावतीला महमुदा गेली, पोटभर जेवली, आणि निघताना म्हणाली, "मामी, हज करून आलात, पण उजळलात काय नाय." मामीचा घास घशात अडकला. महमुदा पाण्याचा ग्लास पुढे करून हसत बाहेर पडली. असा तिचा स्वभाव. तो वाईट आहे असं म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण तिच्या समोर म्हणू नका.

सख्ख्या धाकट्या भावावर, इक्बालवर, धरलेला डूख मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इक्बालला तिने कडेवर घेऊन वाढवलेलं. त्याच इक्बालने पुढे बहारीनला येऊन सलमाबादला वर्कशॉप काढलं, प्रदर्शनांचे स्टॉल आणि लग्नांची स्टेजं बांधता बांधता तो इक्बालशेठ झाला, जमातीचा अध्यक्ष झाला. महमुदाचा नवरा यासीन त्याच्याच वर्कशॉपमध्ये सुतारांचा फोरमन. व्हिसा इक्बालच्या कंपनीचा, म्हणजे महमुदाच्या घरची चूल इक्बालच्या सहीवर पेटायची. म्हणून चार वर्षं तिने ओठ शिवून घेतले होते. सूड म्हणून तिला करता येत होतं ते एवढंच. ईदला ती नारळाच्या दुधातली सांदणं करून सगळ्या जमातीत वाटायची, आणि इक्बालच्या घरी निरोप जायचा, "संपली." इक्बाल अम्माच्या हातच्या सांदणांसाठी जीव टाकायचा, आणि तशी सांदणं आता जगात एकटी महमुदाच करत होती. चार वर्षांत त्याला त्यांतलं एकसुद्धा मिळालं नाही.

पण एवढ्याने काही तिचं पोट भरत नव्हतं.

झालं होतं असं. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीला लागून त्यांचं गाव. घर मातीचं, तीन खोल्यांचं, वर कौलं. मोठं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पण आतली सारवलेली जमीन अशी की गावातल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. अम्माचा उजवा हात लहानपणी मनगटात मोडून वाकडा बसलेला, म्हणून ती डाव्या हाताने सारवायची. इतर घरांत सारवणाचे अर्धगोल एका अंगाला वळलेले असायचे, अम्माचे उलटे. शिवाय प्रत्येक ओळ संपली की ती शेवटी अंगठा दाबून एक खळगा ठेवायची. "जेवण उजव्या हाताचं, जमीन डाव्या हाताची," असं म्हणून स्वतःच हसायची. गावात नवा माणूस आला आणि त्याने लहानग्या इक्बालला घर विचारलं, की पोर छाती काढून सांगायचं, "ज्या घराची जमीन उलटी, ते आमचं."

2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा हाच इक्बाल सुट्टीवर गावी गेलेला आणि लॉकडाऊनमध्ये अडकलेला. महमुदा इथे, विमानं बंद. वादळाच्या आदल्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत हलवलं, त्यात अम्माही गेली. घराला कुलूप लावून, चावी कनवटीला खोचून गेली. वादळ ओसरल्यावर इक्बालने तिला घरी नेलंच नाही. शाळेतून परस्पर गाडीत घातलं आणि महाडला तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवलं. घर पडलं, म्हणाला. महमुदालाही फोनवर तेच सांगितलं, रडत रडत. त्याचं रडणं ऐकून तीही रडली, आणि ते रडणं आठवलं की आजही ती दातओठ खाते.

काही दिवसांनी अम्माचा फोन आला, इक्बालच्याच मोबाइलवरून.

"महमुदा, खरंच पडलं का गो घर? चुलीमागची भिंत तरी उभी हाय का?"

महमुदाने भावावर भरवसा ठेवून सांगितलं, "नाय अम्मा. सगळं पडलं."

 मग फोन कट झाला. त्यानंतर अम्माने घराचं नाव म्हणून काढलं नाही, आणि पुढचा रमजान यायच्या आत ती त्या फ्लॅटमध्येच गेली. महमुदाला तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

विमानं सुरू झाल्यावर ती गावी पोहोचली. घराच्या जागी इक्बालची दोन मजली मंझिल उभी होती, कुलूपबंद, पायरीपासून संगमरवर लावलेली. आणि शेजारी मथुराबाईचं घर, त्यांच्या घराहून जुनं, कुडाच्या भिंतींचं, जसंच्या तसं. फक्त कौलं नवी. महमुदा एकदा या घराकडे बघे, एकदा त्या. शेवटी तिने विचारलं तशी मथुराबाईने पदर तोंडाला लावला.

"कौलंच उडाली गो बाय. भिंतीला चीर पण नव्हती गेली. रस्त्यातली झाडं काढाया जेसीबी गावात व्हता, येक दिवस तुझ्या भावानं तो आत घेतला. तुझी अम्मा हितं असती तर आडवी पडली असती मशीनपुढं. म्हणून तर तिला आधीच हलवलं त्यानं."

अम्मा जिवंत असेपर्यंत मंझिल बांधू देणार नव्हती, हे महमुदाला माहीत होतं. इक्बालने पुष्कळदा विषय काढला होता आणि अम्माने पुष्कळदा त्याला जेवायला वाढून विषय मोडला होता. आता वादळाचं निमित्त मिळालं आणि त्याने काम उरकून घेतलं. महमुदा त्या संगमरवराच्या पायरीवर थुंकली आणि परत आली.

तेव्हापासून तिला एकच हवं होतं. मंझिल नको, वाटणी नको, माफी तर नकोच नको. ज्या तोंडाने हा जमातीत इमानावर भाषणं ठोकतो, त्याच तोंडाने, चारचौघांत, त्याने म्हणायचं की घर पडलं नाही, मी पाडलं. एवढं ऐकलं की आपण मोकळ्या, असं ती यासीनला सांगायची. यासीन मान डोलवायचा आणि व्हिसाची तारीख मनात मोजायचा.

संधी आली ती थेट चीनमधून. बहारीनमधल्याच सखीरच्या मोठ्या हॉलमध्ये व्यापारी प्रदर्शन भरायचं होतं. तिथे एका चिनी प्रांताच्या दालनात, त्या मुलखातल्या एका मोठ्या पुढाऱ्याचं बालपणाचं घर उभं करायचं ठरलं, हुबेहूब. पुढारी केव्हाच वारलेला. त्याचं नाव काही महमुदाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती नुसतं 'पुढारी' म्हणे. कंत्राट इक्बालला मिळालं आणि देखरेखीला तिकडून एक मॅडम आली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडावर हसू नाही.

यासीनने मूळ घराचा व्हिडिओ मोबाइलवर घरी आणला. मातीच्या विटांच्या भिंती, काळपट कौलं, दारापुढे तळं. आत पुढाऱ्याचा पलंग, त्याला मच्छरदाणी, भोवती लाल दोरी. चुलीजवळ त्याच्या आईचा फोटो. लोक रांगा लावून येतात, शाळा पोरं घेऊन येतात, आणि युनिफॉर्ममधली एक मुलगी तो कुठे निजायचा, कुठे बसून वाचायचा, आई कुठे भात शिजवायची, ते सांगते. भिंतीचा पोपडा उडाला की माणसं येऊन तशीच माती भरून जातात.

"तुमचं घर पण असंच व्हतं ना," यासीन म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

महमुदाने व्हिडिओ पुन्हा लावला. पुढारी त्या घरात मोजकी वर्षं राहिला होता, मग निघून गेला. तरी त्याच्या पलंगाला दोरी आणि चुलीला राखणदार. आणि माझ्या अम्माने जन्मभर जी जमीन डाव्या हाताने सारवली, तिच्यावरून माझ्या भावाने मशीनची चाकं फिरवली. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि कांदे चिरायला घेतले. त्या दिवशीच्या डब्यांत मिरची जास्त पडली. कारकुनांनी घाम पुसत पुसत खाल्लं आणि तक्रार केली नाही.

यावर कडी केली ती इक्बालने. जमातीच्या सभेत त्याने तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. "बघा, याला म्हणतात कदर," तो म्हणाला. "आपण काय करतो? आईबापाची घरं सांभाळत नाय आपण. शिकलं पायजे यांच्याकडनं." बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला, त्याने रुमाल काढला, डोळे टिपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उद्घाटनाच्या आधी सगळ्या जमातीला खास आत नेऊन घर दाखवीन, असंही त्याने जाहीर केलं. बायकांच्या रांगेत बसलेल्या महमुदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण टाळ्या तिनेही वाजवल्या. जोरात वाजवल्या. शेजारची बाई वळून बघायला लागली.

काम सुरू झालं. पहिली अडचण आली ती डुकरांची. मूळ घराला डुकरांचा गोठा होता आणि मॅडमला तो हवाच होता. जमातीचा अध्यक्ष डुकरांचा गोठा कसा बांधणार? इक्बालला दोन रात्री झोप नाही. शेवटी गोठा बांधला, त्याला बाहेरून पडदा लावला, आणि यासीनच्या सुतारांनी त्याला 'स्टोअर' असं नाव ठेवलं. मॅडमला वाटलं, पडदा उद्घाटनासाठी आहे. ती खूश झाली.

दुसरी गोष्ट जमिनीची. मॅडमने पलंगाचे फोटो दिले होते, चुलीचे, भिंतींचे, कौलांचे. पायाखालच्या जमिनीचा फोटो कुणी काढतं का? इक्बालने विचारलंही नाही. मातीचं घर म्हणजे जमीन सारवलेली असणारच, ही त्याची खात्री. चीनमध्ये सारवतात की नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. कोकणातल्या माणसाला सारवण नसलेलं मातीचं घर म्हणजे मीठ नसलेली पेज. वर्कशॉपमध्ये सुतार होते, रंगारी होते, पण सारवणं हे बायकांचं काम, एकाचाही हात वळेना.

"आपाला बोलव," इक्बाल यासीनला म्हणाला. "तिला येतं."

यासीनने घाबरत घाबरत निरोप सांगितला. महमुदा भाकरी थापत होती.

"येते," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की यासीनचं उरलंसुरलं अवसान गळालं.

महमुदा उजव्या हाताची. तिने परातीत तांदळाचं पीठ पसरलं आणि डाव्या हाताने अर्धगोल काढायला बसली. बोटं ऐकेनात. गोल मध्येच मोडायचा, अंगठा भलतीकडे पडायचा. ती पीठ सारखं करायची आणि पुन्हा काढायची. बँकेतून आलेली तिची मुलगी जिकरा दारात थबकली.

"अम्मी, व्हाय लेफ्ट हँड?"

"तुझ्या मामाला वळख पटायला नको?"

जिकराला सगळं ठाऊक होतं. "अम्मी, लेट इट गो ना, प्लीज. अब्बांचा व्हिसा..."

"तुझ्या आजीनं घर सोडलं, बघ काय झालं," महमुदा म्हणाली आणि पुन्हा पीठ सारखं केलं.

सारवायला शेण कुठलं आणायचं? तिने नर्सरीतली लाल माती चाळली, त्यात वर्कशॉपचा बारीक भुसा घातला, सुतारकामाचा पांढरा गम घातला आणि पायाने तुडवली. हॉलमध्ये लाकडी फळ्यांवर आधीच मातीचा थर दिलेला होता. अबाया खोचून ती मधल्या खोलीत बसली आणि चुलीच्या कोपऱ्यापासून उलटी मागे सरकत निघाली. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिने अंगठा दाबला. अम्मा दाबायची तसाच, जरा आडवा. काम झाल्यावर कुणाचे पाय उमटू नयेत म्हणून सगळ्या जमिनीवर प्लॅस्टिक पसरलं. इक्बाल त्या दिवसांत परवानग्यांसाठी कचेऱ्यांच्या खेपा घालत होता. एकदा पुढच्या दारातूनच डोकावला, प्लॅस्टिक बघून 'छान' म्हणाला आणि गेला.

आणखी एक काम तिने नवऱ्याकडून करून घेतलं. मागच्या दाराचा फोटोही कुणी दिला नव्हता. "चौकट खाली घ्या. एक वीत," ती म्हणाली. गावच्या घराचं मागचं दार तसंच होतं. लहानपणी धावत येताना इक्बालचं कपाळ त्याच चौकटीवर फुटलं होतं, खूण अजून आहे. यासीनने काही विचारलं नाही. तेवढी करवत मात्र त्याने फार सावकाश चालवली.

उद्घाटनाच्या सकाळी, हॉल उघडायच्या आधी, जमात आली. पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत, बायका अत्तर लावून. सगळ्यांत पुढे रहिमतुल्लाचाचा, महमुदाच्याच गावचे, जमातीतले सगळ्यांत वडील. पुढच्या दाराला पाहुण्यांसाठी फीत बांधलेली, म्हणून इक्बालने सगळ्यांना मागच्या दाराने घेतलं. तो पुढे, तोंड मागे वळवून, हात नाचवत माहिती सांगत चाललेला. दारापाशी आला, बोलता बोलताच, वर न बघता, मान घातली आणि आत आला. त्याच्यामागच्या दोघांनी चौकटीवर डोकी आपटली. "या अल्ला!" झालं. मग बाकीचे बघून बघून वाकले.

महमुदा चुलीपाशी उभी होती. तिने ते वाकणं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला भावाला बघून आनंद झाला.

यासीनच्या माणसांनी नुकतंच प्लॅस्टिक काढलं होतं. लोक पलंग बघत होते, मच्छरदाणीला हात लावत होते, वाहवा करत होते. चिनी मॅडम मात्र खाली बघत उभी होती.

"मिस्टर इक्बाल, व्हॉट इज धिस?"

इक्बालने खाली बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ट्रॅडिशनल, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

"नॉट अवर ट्रॅडिशन." मॅडमने मान हलवली. मूळ घराची जमीन चोपलेल्या मातीची, साधी, झाडलेली. असली नक्षी तिथे नाही. उद्घाटनाच्या आधी ही साधी करा, म्हणाली आणि घड्याळ बघितलं.

तोवर रहिमतुल्लाचाचा गुडघे धरून खाली बसले होते. त्यांनी एका अर्धगोलावरून हात फिरवला, मग ओळीच्या शेवटच्या खळग्यात बोट ठेवलं.

"अरे इक्बाल, ही तर तुझ्या अम्माची जमीन! उलटी. आणि हा बघ अंगठा."

बायका पुढे सरकल्या. गावच्या दोघीतिघींनी तोंडावर हात ठेवले.

"कायतरीच काय चाचा," इक्बाल हसला. "डिझाइन हाय ते. मला तर आठवत पण नाय असलं काय."

"आठवत नाय?" महमुदा चुलीपासून पुढे आली. "मग मागच्या दाराला वाकलास कशाला? बाकीच्यांची डोकी फुटली. तू बघितलंस पण नाय आणि वाकलास. तुझ्या कपाळाला आठवतं, इक्बाल. तुलाच तेवढं आठवत नाय."

"आपा, घरी बोलू."

"घर कुठं ठेवलंस बोलायला?"

चाचांना काही उमगेना. "अगो पण ते घर तर वादळात गेलं. अल्लाची मर्जी."

"अल्लाच्या नावावर नका खपवू चाचा. विचारा त्याला."

इक्बालने कुणाकडेच बघितलं नाही. त्याने आवाज चढवला, शेठचा आवाज. "यासीन! माणसं बोलव. खरवडून टाका हे सगळं. यल्ला, लवकर!"

मॅडमचं बोलणं ऐकून यासीन आधीच दारात येऊन उभा होता, हातात खरवडायचा पत्रा, मागे चार कामगार. त्याने शेठकडे बघितलं, मग बायकोकडे. सगळी नोकरी ज्याने मान खाली घालून केली, तो यासीन कामगारांकडे वळला आणि म्हणाला, "चलो, चाय का टाइम हो गया." आणि भर सकाळी, उद्घाटन तोंडावर असताना, माणसं घेऊन चहाला निघून गेला. जाताना पत्रा तेवढा कामगारांनी आणलेल्या पाण्याच्या बादलीत टाकून गेला.

महमुदाने बादलीतून तो पत्रा उचलला, माती भिजवायचं ओलं गोणपाट उचललं आणि दोन्ही इक्बालच्या पायाशी ठेवलं.

"घे. मागल्या खेपेला तुला मशीन लागलं. आता हातानं पाड. आणि माझ्यादेखत पाड."

 मॅडमला भाषा कळत नव्हती, पण तिनेही टॅब खाली केला. इक्बालने एकदा दाराकडे बघितलं. दारात सगळी जमात उभी होती. मग नव्या सुटाची पँट वर ओढून तो गुडघ्यांवर बसला. गोणपाट फिरवलं, पत्रा लावला. एक अर्धगोल गेला. दुसरा गेला. ओळीच्या शेवटी अंगठ्याचा खळगा आला तिथे त्याचा हात थांबला.

"आपा," तो पुटपुटला, "मी पाडलं."

"मोठ्यानं."

"वादळात नाय पडलं. मी पाडलं. जेसीबी मी आणला." हे सगळ्यांनी ऐकलं.

"तौबा, तौबा," चाचा म्हणाले आणि त्याच्यापासून दूर सरकले. ज्यांनी त्या सभेत टाळ्या वाजवल्या होत्या ते आता एकमेकांकडे बघायला लागले. महमुदाने ते बघून घेतलं, एकेक तोंड नीट बघून घेतलं. चार वर्षांची भूक आज भागत होती, आणि काय गोड लागत होतं सांगता सोय नाही. तिथेच तिने थांबायला हवं होतं. पण भूक लागलेलं माणूस एका घासावर थांबत नाही.

"अम्मानं मला फोन केला तेव्हा तू कुठं व्हतास?"

"तिथंच. बाजूला."

"मी 'सगळं पडलं' म्हटलं ते ऐकलंस?"

"स्पीकरवर व्हता फोन."

"आणि गप बसलास. वर फोन कापलास. मग काय बोलली अम्मा?"

इक्बालने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि या वेळी हातात रुमाल नव्हता. "नको आपा. ते नको विचारू."

"बोल! सगळ्यांसमोर बोल!"

"माझ्यावर तिचा विश्वासच नव्हता," तो म्हणाला. "रोज म्हणायची, खोटं बोलतोस, मना घेऊन चल, मी बघते. जेवायची पण नाय. चावी मागितली तर कनवटीला हात लावू द्यायची नाय. मी घाबरलो व्हतो, चालत निघायची बाई. मशीन गावात असून मला हिंमत व्हत नव्हती. मग तुझा फोन झाला. ती म्हणाली, महमुदा सांगते म्हणजे पडलंच असंल. आणि कनवटीची चावी काढून माझ्या हातात दिली."

महमुदाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तेव्हा... घर उभं व्हतं?"

"उभं व्हतं. दुसऱ्या दिवशी पाडलं."

मॅडमने पुन्हा घड्याळ बघितलं. बाहेर कुठेतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' चाललं होतं. महमुदाने चुलीकडे बघितलं, तिथे लावलेल्या कुणाच्यातरी आईच्या फोटोकडे. मग ती बादलीपाशी गेली. तळाशी आणखी एक पत्रा होता तो घेतला, समोरच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली आणि खरवडायला लागली. जमातीला कळेना, आता ही का खरवडते आहे. दोघं दोन टोकांनी, एकमेकांकडे न बघता, मधल्या खोलीत सरकत आली. पाहुणे आले तेव्हा जमीन साधी होती, चिनी होती, आणि मॅडम समाधानी होती.

इक्बालने जमातीचं अध्यक्षपद सोडलं. यासीनच्या व्हिसाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, तारीख आली तशी सही करून दिली. महमुदाने त्याला माफ केलं का, असं कुणी विचारलं की ती विचारणाऱ्याच्या डब्यात मिरची वाढवते.

ईद आली. महमुदाने सांदणं केली, सगळ्या जमातीत वाटली, आणि इक्बालच्या घरी निरोप गेला, "संपली." जिकराने एक सांदण ताटलीत घालून, "अम्मी, हे तुझं," म्हणत तिच्यापुढे ठेवलं. दिवसभर ते तसंच होतं. संध्याकाळी महमुदाने ते उचललं आणि खालच्या इस्त्रीवाल्याला देऊन आली.